अळणी वाडगा

"आई, हे चाखलं होतंस का तू?" कुनिहिकोने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो उठून नळाखाली पेला धरून उभा राहिला. झालं होतं ते इतकंच. सकाळचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं सूप, मुळा घातलेलं, गेली पन्नास वर्षं किनुएच्या हातून रोज होणारं. मुलगा एक घोट घेऊन खोकला. सून चिहारुने एक घोट घेतला आणि वाडगा दोन्ही हातांनी इतका अलगद खाली ठेवला, की त्या अलगदपणानेच किनुए काय ते समजली. किनुए सगळ्यांना वाढून मगच बसायची, त्यामुळे तिने स्वतःच्या वाडग्याला हातही लावला नव्हता. ती बसेपर्यंत चिहारु उठली, तिन्ही वाडगे आणि पातेल्यातलं उरलेलं सूप मोरीत ओतून मोकळी झाली. सासूला लाज वाटू नये म्हणून. चिहारु सगळं असंच करते, कोणाला लाज वाटू नये म्हणून. पुरावा पाण्याबरोबर वाहून गेला आणि निकाल तेवढा टेबलावर उरला. "खारट झालं होतं का गं?" किनुएने विचारलं. "थोडंसंच, आई," चिहारु म्हणाली. "थोडंसं कसलं? समुद्राचं पाणी बरं," मुलगा म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, डॉक्टरांशी बोलावं तसा तो बायकोशी बोलला, "जीभ गेली असेल. या वयात जाते. एकदा जीभ गेली की मग नाक जातं, मग गॅस चालू राहिलेला कळत नाही." आणि चिहारु किनुएकडे बघून म्हणाली, "उद्यापासून स्वयंपाकाचं मी बघते आई. तुम्ही आराम करा." आराम. शहात्तर वर्षांच्या बाईच्या हातातून पळी काढून घ्यायची असली की जगात सगळीकडे हाच शब्द वापरतात.

ट्राममध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मुलगा कामावर गेल्यावर तिने न्याहारीची भांडी घासली, दुपार होता होता कोट चढवला, आणि "कुठे निघालात?" या प्रश्नाला "पाय मोकळे करायला" असं उत्तर देऊन बाहेर पडली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून कानाच्या पाळ्या अजून गरम होत्या. तातेयामाचे डोंगर आज स्वच्छ दिसत होते, बर्फ अर्ध्यावर उतरलं होतं, पण तिचं लक्ष तोंडात होतं. ती जीभ टाळूवर फिरवत होती, दातांच्या मागून, गालाच्या आतून, घरातली हरवलेली वस्तू पुन्हापुन्हा त्याच खणात शोधावी तशी. खरं सांगायचं तर मुलाने जे सकाळी म्हटलं ते तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, आणि तिने ते कोणालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एक दिवस सूप तिला पातळ लागलं. तिने अर्धा चमचा मिसो वाढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ. वाढवता वाढवता हात एका अख्ख्या चमच्यावर गेला, आणि मग हाताला ते माप पाठ झालं. हळूहळू तिने चाखणंच सोडलं. चाखलं की भीती वाटायची. रात्री अंथरुणात ती आपल्याच जिभेला बोल लावायची, नाठाळ जनावराला लावावेत तसे, आणि सकाळी पुन्हा गप्प. घरातले निमूटपणे सूप पीत होते तोवर लाज राखली गेली होती. आज ती झाकली मूठ उघडली.

आणि जीभ म्हणजे काही साधीसुधी जीभ नव्हे. एकतीस वर्षं ती माशाच्या वड्यांच्या कारखान्यात होती. पहाटे साडेचारला दगडी उखळांतून मासा फिरायचा, पांढरा, थंड, सैल, आणि त्यात मीठ पडलं की बघता बघता तो एकजीव व्हायचा, चकाकायला लागायचा. मीठ कमी पडलं तर वडी तुटते, जास्त पडलं तर गिऱ्हाईक तुटतं, असं मुकादम म्हणायचा. तो स्वतः चाखायचा, पण त्याचा स्वतःवर विश्वास नव्हता. "किनुएला बोलवा," असं तो ओरडायचा, आणि चाळीस बायकांमधून ती रबरी बूट फटफटवत पुढे जायची, करंगळीच्या टोकावर कण घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चिमूटभर अजून." किंवा, "आजचा मासा वेगळ्या पाण्यातला आहे, थांबा." कोणी वाद घालायचं नाही. लग्नात, मयतात, मुलाच्या शाळेत, नवऱ्याच्या मित्रांत, कुठेही तिचं मत कोणी विचारलं नव्हतं. उखळाशी मात्र ती बोलली की चाळीस बायका आणि एक मुकादम हलायचे. ती जीभ गेली तर उरतं काय? उरते एक म्हातारी, आराम करणारी.

तिने ट्राममध्ये मनाशी ठरवलं ते स्वच्छ होतं. मिनोवाच्या दुकानात जायचं आणि काळं रामेन खायचं. या शहरात त्याहून खारट काही नाही. काळ्याभोर सोया सॉसचा रस्सा, जाड शेवया, जाडीभरडी मिरी, कच्ची पात आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. ते नुसतं खायचं नसतंच, ते भाताबरोबर खायचं असतं, भातावर ओढायचं असतं. मजूर लोक घरून भाताचा डबा आणायचे आणि दुकानात फक्त वाडगा घ्यायचे. एइसाकू, तिचा नवरा, भिंतींना गिलावा करायचा. पंचवीस वर्षं तिने त्याच्यासाठी ॲल्युमिनियमच्या डब्यात भात चेपून भरला. "मेलेला माणूससुद्धा ते खाऊन उठेल आणि पाणी मागेल," तो म्हणायचा. तर ते खाऊन जर तोंडात काहीच उठलं नाही, तर वाद संपला. मग घरी जायचं, पळी, सुरी आणि गॅसची किल्ली आपल्या हाताने चिहारुच्या हवाली करायची, आणि पुन्हा तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि जर उठलं, तर? त्या 'तर'चं पुढे काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. तिथवर विचार नेण्याचं तिला धाडस होत नव्हतं.

दुपारचे दोन वाजत आले होते. गर्दी ओसरली होती. फळीपुढे दहा स्टुलं, त्यांतली आठ रिकामी. एका टोकाला रस्त्याच्या कामावरचा एक माणूस, गुडघ्यापर्यंत डांबराचे डाग, हेल्मेट शेजारच्या स्टुलावर ठेवलेलं. फळीमागे मिनोवा, पंचावन्नचा असेल, डोक्याला पांढरा टॉवेल, आणि त्याची बायको भांडी पुसत उभी. एइसाकूच्या वेळी याचा बाप होता, जाडजूड, कोणाशी न बोलणारा.

"या आजी, या, इथे बसा, इथे वारा लागणार नाही," मिनोवा म्हणाला.

'आजी कोणाची?' किनुएच्या ओठांवर आलं होतं, तिने ते गिळलं. "काळं रामेन. आणि भात."

"छोटा वाडगा देऊ?"

"नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे जरा भरपूर असतो हं."

"मला माहीत आहे भरपूर म्हणजे काय ते."

बायकोने नवऱ्याच्या कोपराला नुसतं बोट लावलं. किनुएने ते बघितलं आणि सोडून दिलं. वाडगा आला. तिने काड्या तळापर्यंत घातल्या आणि खालून वर, खालून वर, सगळं कालवलं. इथलं रामेन न कालवता खाणारा माणूस परगावचा. मिरीचा वास नाकात चढला, म्हणजे नाक शाबूत होतं. वाफेने चष्मा धूसर झाला, तो तिने काढून ठेवला. मग वाडगा उचलून तिने रस्सा तोंडात घेतला, आणि गिळला नाही. जिभेवर धरून ठेवला, करंगळीवरचा कण धरायची तसा. चाळीस वर्षांपूर्वी, त्या मोठ्या बर्फाच्या वर्षी, तीन दिवस दोघांनी छपरांवरचं बर्फ ओढलं होतं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांच्या छपरांवरचंसुद्धा, आणि चौथ्या दिवशी एइसाकू म्हणाला होता, "चल, आज तूही चल." बायकांनी त्या दुकानात जायची रीत नव्हती. ती तिथे अंगातून वाफा निघणाऱ्या नऊ पुरुषांमध्ये बसली होती आणि पहिल्या घोटाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. "हे काय माणसांनी खायचं!" ती म्हणाली होती, आणि सगळं दुकान हसलं होतं, तो गप्प बाप मिनोवासुद्धा. "अगं, घामातून गेलं ते परत घ्यायचं असतं," एइसाकू म्हणाला होता, आणि तिच्या भातावर स्वतःचं मांस ठेवलं होतं. ती चव तिला आजही आठवत होती, तोंडाच्या कुठल्या कोपऱ्यात ती आधी लागली आणि कुठे जाऊन बसली इथपर्यंत. आणि आत्ता तोंडात होतं ते गरम होतं, तिखट होतं, पातीचं होतं. खारट नव्हतं. म्हणजे होतं, दूरवर कुठेतरी, शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असावा तसं.

तिने गिळलं. दुसरा घोट घेतला. तिसरा. मांसाचा तुकडा, बांबूचा कोंब, शेवया. सगळं मऊ, सगळं सौम्य, आजारी माणसाला भरवावं तसं. संपलं तर मग. विचित्र म्हणजे तिला रडू आलं नाही, ती आपली एका म्हातारीच्या शहाणपणाने भात खात राहिली, कारण पानात टाकणं तिला जमलं नसतं. चिहारु वाईट नाही, ती मनात म्हणाली. चिहारु नीट करेल. मुळा जाड कापते, पण शिकेल. त्या फळीपुढे बसून किनुएने एकेक गोष्ट देऊन टाकायला सुरुवात केली. लोणच्यावर दाबून ठेवायचा दगड, माशाची सुरी, नववर्षाच्या सूपाचं पातेलं. आणि देता देता तिला एकाएकी राग आला. कोणाचा ते कळेना. एइसाकूचा आला, आधी मेला म्हणून. मुकादमाचा आला, तो तर वीस वर्षांपूर्वीच गेला होता.

"हुश्श! मारलं आज," टोकाचा माणूस मोठ्याने म्हणाला आणि पाण्याचा तिसरा पेला घटाघट प्यायला. त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं. "मालक, जीभ सोलवटून काढली की हो तुम्ही."

"मग उद्या येऊ नका," मिनोवा म्हणाला.

"उद्या येणारच. नाही आलो तर हाता-पायांत गोळे येतात."

दोघं हसले. किनुएने चष्मा घातला आणि त्या माणसाच्या वाडग्याकडे बघितलं. रस्सा खाली गेला होता आणि पांढऱ्या वाडग्याच्या आतल्या कडेला रेघ राहिली होती. शाईसारखी काळी. तिने आपल्या वाडग्याकडे बघितलं. तिच्या वाडग्यातली रेघ चहाच्या रंगाची होती. गिलावा करणाऱ्याच्या बायकोला ओल्या भिंतीची कड वाचता येते. एइसाकू म्हणायचा, भिंतीच्या मध्ये बघू नकोस, कड बघ, मालात किती पाणी घातलं ते तिथे कळतं.

तिने काड्या खाली ठेवल्या. विचारायचं का? विचारलं आणि तो "नाही हो आजी, सगळ्यांना एकच" म्हणाला, तर ही शेवटची फटही बुजली. न विचारता घरी गेलं तर निदान शंका तरी बरोबर येईल, म्हातारपणी शंकासुद्धा सोबत करते. दोन वर्षं ती हेच करत आली होती, चाखायचं नाही, विचारायचं नाही. तिला स्वतःची किळस आली. ज्या बाईने मुकादमाला चाळीस जणींसमोर "थांबा" म्हटलं होतं, ती बाई कुठे गेली?

"अहो मिनोवा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या वाडग्यात तुम्ही पाणी घातलंत का?"

टोकाच्या माणसाने मान वर केली. मिनोवाने टॉवेलवरून हात फिरवला. "पाणी कसं घालीन आजी? हाडं उकळलेला अळणी रस्सा घातला. सॉस अर्धाच घातला. तुमचं वय बघून जरा हलकं केलं, इतकंच. मिठातले कोंबही धुऊन घेतले."

"मी सांगितलं होतं हलकं करायला?"

"सांगावं कशाला लागतं? आम्ही सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना करतो. त्यांच्या भल्यासाठीच. कोणी तक्रार नाही केली आजवर. उलट म्हणतात, किती छान."

"ते छान म्हणतात," किनुए म्हणाली, "कारण त्यांना वाटतं आपली जीभ गेली. ते इथून घरी जातात आणि रात्री पडल्या पडल्या स्वतःला शिव्या देतात. तुम्ही त्यांना घाबरवून घरी पाठवता, कळतंय का? पैसे घेऊन!"

"अहो आजी, तुम्ही मला माझ्या आईसारख्या..."

"मी तुमची आई नाही. मी गिऱ्हाईक आहे. मला काळं रामेन द्या. त्यांच्यासारखं," तिने टोकाकडे बोट दाखवलं. "तुमच्या वडिलांनी दिलं असतं तसं."

टोकाचा माणूस खाली मान घालून काड्या पुसू लागला. मिनोवाची बायको लाल झाली होती. तिने कमरेत वाकून माफी मागितली, आणि मिनोवाने नवा वाडगा पुढे ओढला. किनुए उभी राहिली. तिला एकदम दुसरंच काहीतरी सुचलं होतं, इतकं उघड, की ते दोन वर्षं आपल्याला सुचलं नाही याचीच तिला लाज वाटली. दुकानात फोनवर बोलू नये एवढी रीत तिला ठाऊक होती. ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिने घरी फोन लावला. आज चिहारुची सुट्टी होती.

"आई! कुठे आहात? जेवायला थांबले आहे मी."

"चिहारु, मिसोच्या डब्यात काय भरतेस?"

पलीकडून चिहारु म्हणाली, "म्हणजे?"

"माझ्या डब्यात. जुन्या, लाकडी झाकणाच्या. तो तू भरतेस. काय भरतेस?"

"आई, तुम्ही रागावू नका. दोन वर्षांपूर्वी तुमचं प्रेशर वाढलं होतं ना, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर तुम्ही तो कागद खणात टाकलात. मग मी... कमी मिठाचा मिसो येतो. तो भरत होते. तुम्हाला कळलंही नाही, म्हटलं बरं झालं."

"आणि या आठवड्यात?"

"या आठवड्यात तो दुकानात नव्हता. एवढ्यापुरता साधा आणला, काल रात्री डब्यात भरला. म्हटलं, एका आठवड्याने काय होतंय." आणि मग, बोलता बोलताच, तिच्या आवाजाचा सूर बदलला. "अगंबाई! म्हणजे सकाळचं सूप... तुम्ही नेहमीच्याच मापाने घातलंत."

"नेहमीच्याच."

"आई, मला सुचलंच नाही हो. खरंच नाही सुचलं."

किनुए भिंतीला टेकली. तिला वाटलं होतं, कळल्यावर मोकळं वाटेल. वाटलं नाही. दोन वर्षं, सातशे सकाळी, तिची जीभ तिला खरं तेच सांगत होती, पातळ आहे, पातळ आहे, आणि तिने तिलाच खोटं ठरवलं होतं. सगळ्यांचं ऐकलं, तिचं सोडून. "चिहारु, मला कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला वाटलं मी संपत चालले आहे."

पलीकडे चिहारु रडू लागली होती. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं," ती म्हणाली.

"नसतंच ऐकलं. भांडलो असतो. चांगलं कडाकडा भांडलो असतो, तू कागद काढला असतास, मी झाकण आपटलं असतं, आणि महिन्याभराने मीच मीठ कमी केलं असतं. पण मी केलं असतं ना गं! संध्याकाळचं सूप मी करणार. कुनिहिकोला तू सांग, काय झालं ते. सगळं सांग, गाळू नकोस. आणि डब्यात यापुढे जे भरशील ते मला सांगून भर."

"सांगेन. आई, तुम्ही आहात कुठे पण?"

"मिनोवाकडे. काळं रामेन खाते आहे."

"काळं? आई, डॉक्टरांनी..."

"ठेवते. गार होईल."

ती आत आली. वाडगा तिच्या जागेवर होता, काळा, इतका काळा की त्यात दिव्याचा गोळा पडलेला दिसत होता. मिनोवा फळीमागे हात बांधून उभा होता. टोकाच्या माणसाचं खाणं कधीच संपलं होतं, पण तो उठला नव्हता. किनुए बसली. तिने खालून वर कालवलं, डोळे मिटले आणि घोट घेतला.

ते जिभेच्या कडांना आधी लागलं. मग मागे, मग गालांच्या आत, आणि सगळं तोंड आवळून आलं, कान झणझणले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. निर्दय, गावंढळ, कोणाचीही पर्वा नसलेलं खारट. तिने घाईने भाताचा घास घेतला, आणि भात गोड लागला, इतका गोड, की ती तोंड भरलेलं असतानाच हसली. दुसरा घोट घेतला. त्यात आता खारटामागे हाडांची चव होती, सोयाची जुनी, लाकडी चव होती, आणि मिरी आणखी वेगळी उभी होती. चिमूटभर जास्तच आहे, ती मनात म्हणाली. बाप एवढं घालत नसे. हा भीतीने जास्त घालून बसला. तिने शेवया खाल्ल्या, मांसाचे दोन तुकडे खाल्ले, भात संपवला. रस्सा आणखी एक घोट घेतला आणि थांबली. अर्ध्याहून जास्त वाडगा अजून भरलेला होता. तिने काड्या आडव्या ठेवल्या आणि रुमालाने तोंड पुसलं.

"काय झालं?" मिनोवाने घाबरून विचारलं. "बरं नाही का वाटत? खारट झालं ना फार? मी म्हटलं होतं..."

"चिमूटभर जास्त पडलं आहे," किनुए म्हणाली. "पण चांगलं आहे."

"मग टाकलंत ते?"

"पुरे झालं म्हणून."

"अहो, पण एवढं भांडून मागितलंत!"

"भांडून मागितलं ते मी," ती कोटाची बटणं लावत म्हणाली, "आणि पुरे म्हणणारीही मीच."